स्टुडबेकरचा शब्द

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. त्याच्या पश्चिमेला काही मैलांवर, न्यू कार्लाइल या गावाजवळ, पाइन वृक्षांची एक राई आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याला तिच्यात विशेष काही दिसत नाही. विमानातून पाहिले तर मात्र त्या झाडांची अक्षरे होतात आणि सुमारे अर्धा मैल लांबीचा एकच शब्द वाचता येतो : स्टुडबेकर. १९३८ साली ही झाडे लावली गेली तेव्हा ती जागा त्या नावाच्या मोटार कंपनीचे चाचणी-मैदान होती. आज तेथे सार्वजनिक उद्यान आहे. साउथ बेंडमध्ये मोटारी बनवणे कंपनीने १९६३ सालीच थांबवले. नाव मात्र उभे आहे, आणि ते लावणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक टिकले आहे.

मोटारींच्या इतिहासात या कंपनीविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा हळहळीच्या सुरात असते. रेमंड लोवी यांच्या कार्यालयात आकाराला आलेल्या सुंदर गाड्या, १९५३ ची ती ठेंगणी, लांबसडक कूपे, १९६२ ची 'अवंती', आणि एवढे सौंदर्य असूनही बुडालेला धंदा. जुन्या गाड्या जपणाऱ्या रसिकांचे हे दुःख खरे आहे आणि ते आम्हाला कळतेही. परंतु गाडीसाठी हळहळणाऱ्या या इतिहासात गाडी बनवणारा माणूस बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि तोही संख्येच्या रूपात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. स्टुडबेकरने मागे ठेवलेली सर्वांत मोठी गोष्ट एखादी गाडी नाही. तो एक मोडलेला शब्द आहे. तो शब्द कायदा न मोडता कसा मोडला गेला, हे समजून घेणे आम्हाला अवंतीच्या वळणांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८५२ साली हेन्री आणि क्लेमंट या स्टुडबेकर बंधूंनी साउथ बेंडमध्ये लोहारकामाचे आणि गाड्या बांधण्याचे दुकान काढले. भांडवल ६८ डॉलर. त्यांचा धाकटा भाऊ जॉन १८५३ साली सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला गेला. पण तेथे सोने खणण्याऐवजी त्याने सोने खणणाऱ्यांसाठी एकचाकी हातगाड्या बनवल्या. १८५८ साली तो ८,००० डॉलर गाठीला बांधून परतला आणि त्याने हेन्रीचा वाटा विकत घेतला. हेन्री युद्धाला पाप मानणाऱ्या एका जर्मन बाप्टिस्ट पंथाचा होता आणि सैन्याला गाड्या पुरवून मिळणारा पैसा त्याच्या मनाला रुचत नव्हता. मागे राहिलेल्या भावांना हा पेच फारसा छळू शकला नाही. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी त्यांनी मोठ्या प्रमाणावर गाड्या बांधल्या, आणि १८७० नंतरच्या दशकात जगातील सर्वांत मोठा गाडी-कारखाना आपला आहे, असे ते सांगू लागले.

जॉन स्टुडबेकरच्या नावावर एक धंद्याचे सूत्र सांगितले जाते. गिऱ्हाइकाला कबूल केल्यापेक्षा नेहमी थोडे जास्त द्यावे. मात्र दिवाळे निघेल इतके जास्त देऊ नये, असा त्याचा आशय. या सूत्रातला पूर्वार्ध कंपनीने जाहिरातींत मिरवला. उत्तरार्ध पुढे फार वेगळ्या अर्थाने खरा ठरला.

घोड्यांच्या गाड्यांकडून मोटारीकडे हे घराणे जपूनच वळले. १९०२ मध्ये विजेवर चालणारी मोटार, १९०४ मध्ये ओहायोतील गारफर्ड कंपनीच्या मदतीने पेट्रोलवरची, त्यानंतर डेट्रॉइटमधील ई-एम-एफ ही कंपनी ताब्यात घेऊन १९११ मध्ये 'स्टुडबेकर कॉर्पोरेशन', आणि १९२० मध्ये घोड्यांच्या गाड्यांचे उत्पादन बंद. अमेरिकेत त्या काळी बग्ग्या आणि छकडे बांधणारे कारखानदार हजारोंनी होते. त्यांपैकी मोटारयुगात पाय रोवून उभे राहिलेल्यांत हे नाव सर्वांत ठळक. म्हणजे ही काही एका रात्रीत उगवलेली कंपनी नव्हती. साउथ बेंडमध्ये आजोबा, बाप आणि मुलगा यांनी एकाच फाटकातून आत जावे, एवढे तिचे वय होते. एकाच कारखान्यात काम करणाऱ्या बाप-लेकांच्या जोड्या कंपनी आपल्या जाहिरातींत छापत असे. येथे नोकरी म्हणजे घराण्याची परंपरा, असा तिचा दावा होता आणि तो पोकळ नव्हता.

या परंपरेला पहिला तडा महामंदीत गेला. अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किन यांनी मंदी लवकर ओसरेल या भरवशावर कमाईपेक्षा अधिक लाभांश वाटला; गंगाजळी आटली आणि मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स या दोघांनी कारखाना चालू ठेवला आणि १९३५ मध्ये कंपनी पुन्हा पायांवर उभी केली. यातले हॉफमन पुढे १९४८ मध्ये युरोपच्या पुनर्बांधणीसाठीच्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले. कामगारांशी त्यांचे धोरण सामोपचाराचे होते. फ्लिंटमध्ये कामगारांनी कारखाने अडवून धरले त्या काळात साउथ बेंडमध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मोठा संघर्ष न होता मान्यता मिळाली. कारखान्यात शांतता, घसघशीत वेतन, पिढीजात नोकऱ्या; दुसऱ्या महायुद्धानंतर इतरांच्या आधी बाजारात आणलेली नव्या घाटाची गाडी; आणि १९५० साली भरभराटीचा कळस. त्याच १९५० साली संघटना आणि कंपनी यांच्यात निवृत्तिवेतनाचा करार झाला.

आमच्या कथेचे खरे बीज या करारात आहे. म्हणून त्याची रचना थोडी सविस्तर पाहू.

करार झाला तेव्हा कारखान्यात पंचवीस-तीस वर्षे राबलेली माणसे होती. त्यांना फक्त पुढच्या नोकरीचे निवृत्तिवेतन द्यायचे म्हटले तर म्हाताऱ्यांच्या हाती काहीच पडले नसते. म्हणून मागील सेवाही हिशेबात धरली गेली. हे न्याय्यच होते. परंतु त्या मागील सेवेसाठी तोवर एक पैसाही बाजूला ठेवलेला नव्हता. तो खड्डा कंपनीने तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने भरून काढावा, असे ठरले. म्हणजे १९५० मध्ये दिलेला शब्द पुरता खरा व्हायला १९८० उजाडावे लागणार होते. त्यात पुढच्या वाटाघाटींमध्ये निवृत्तिवेतनाचा दर वाढत गेला, आणि तो मागील सेवेलाही लागू होत असल्याने दर वाढीबरोबर नवा खड्डा पडत गेला. कंपनी ठरलेले हप्ते भरत होती. खड्डा तरीही पुढे पुढे सरकत होता.

आणि करारात एक अट होती. निवृत्तिवेतन मिळेल ते या निधीतून. निधी अपुरा पडला तर उरलेल्यासाठी कंपनी बांधील राहणार नाही. कायद्याने त्या काळी अशी अट घालायला पूर्ण मुभा होती, आणि इतर कंपन्यांच्या योजनांतही ती आढळत असे. कामगाराच्या हाती पडणाऱ्या माहितीपुस्तिकेत निवृत्तीनंतरची रक्कम ठळक दिसावी आणि ही अट कायद्याच्या भाषेत कोठेतरी निजलेली असावी, अशीच अशा योजनांची रीत होती.

पुढची घसरण थोडक्यात सांगता येते. १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स एकमेकींशी चढाओढीने गाड्या खपवू लागल्या आणि त्या दोन हत्तींच्या झुंजीत लहान कंपन्या चिरडल्या गेल्या. साउथ बेंडचा कारखाना जुना, मजल्यांचा, खर्चिक होता. भरभराटीच्या वर्षांत त्याच्या नूतनीकरणापेक्षा लाभांशाकडे अधिक लक्ष दिले गेले होते. १९५४ च्या ऑगस्टमध्ये कामगारांनी स्वतः मतदान करून वेतनकपात मान्य केली, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कारण कंपनी कामगारांच्या हावरटपणामुळे बुडाली, असे सांगणारी एक सोयीची परंपरा आहे. त्याच वर्षी पॅकार्ड कंपनीशी संयोग झाला. दोन वर्षांत डेट्रॉइटमधील पॅकार्डचा कारखाना बंद पडला आणि १९५८ नंतर पॅकार्ड हे गाडीचे नावही उरले नाही. १९५९ च्या 'लार्क' या आटोपशीर गाडीने थोडा श्वास दिला. अवंतीने कौतुक मिळवले, खप मिळवला नाही.

९ डिसेंबर १९६३ रोजी कंपनीने साउथ बेंडमधील मोटार-उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला तीन आठवडेही झाले नव्हते आणि नाताळ दोन आठवड्यांवर होता. २० डिसेंबरला शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे ७,००० माणसांची नोकरी गेली. कॅनडातील हॅमिल्टनच्या कारखान्यात मार्च १९६६ पर्यंत गाड्या निघत राहिल्या, पण साउथ बेंडची कथा संपली होती.

मग १९६४ मध्ये निधीचे वाटप झाले. आधीच निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले, दहा वर्षांची सेवा झालेले, असे मिळून सुमारे ३,६०० जण; त्यांना पूर्ण निवृत्तिवेतनाची हमी मिळाली, आणि निधीचा बहुतांश भाग त्यातच संपला. त्यानंतर चाळीस ते एकोणसाठ या वयाचे, किमान दहा वर्षे सेवा झालेले सुमारे ४,००० जण. यांचे सरासरी वय ५२, सरासरी सेवा २३ वर्षे. यांना त्यांच्या हक्काच्या रकमेचे डॉलरमागे पंधरा सेंट मिळाले. सरासरी ६०० डॉलरच्या आसपास, एकरकमी. उरलेले सुमारे २,९०० जण, ज्यांचा हक्क नियमाप्रमाणे पक्का झाला नव्हता, त्यांना काहीच मिळाले नाही.

हे आकडे वाचताना आम्ही प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीशी थांबतो. साठी ओलांडलेल्या माणसाला पूर्ण आणि एकोणसाठ वर्षांच्या माणसाला पंधरा टक्के. दोघे एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभे राहून तीस वर्षे दरवाजे बसवत असतील. त्यांच्या कामात फरक नाही, निष्ठेत नाही. आहे तो फक्त वाढदिवसात. बावन्न वर्षांच्या माणसाची अडचण तर याहून मोठी. नवी नोकरी मिळावी इतका तो तरुण नाही आणि जुनी पुरावी इतका म्हातारा नाही.

येथे कोणी विचारील की, यात दोष कोणाचा? निधीत पैसाच नव्हता; वृद्धांना आधी द्यावे हा क्रम कामगार संघटनेनेच स्वीकारलेला होता; कंपनीने ठरलेले हप्ते चुकवले नाहीत. हे सर्व खरे आहे. संघटनेला खड्ड्याची कल्पना नव्हती, असेही म्हणता येत नाही. निधी अपुरा असताना निवृत्तिवेतनाचा दर वाढवत नेणे दोन्ही पक्षांना सोयीचे होते. कंपनीला आज वेतनवाढ कमी द्यावी लागत होती आणि संघटनेच्या नेत्यांना सभासदांपुढे मोठा आकडा ठेवता येत होता. वाटाघाटींच्या मेजावर जो हजर नव्हता तो भविष्यकाळ, आणि बिल त्याच्याच नावाने फाडले जात होते. एवढे मान्य करूनही आम्ही दोष वाटून सारखा करायला तयार नाही, आणि त्याचे कारण एका वस्तुस्थितीत आहे.

स्टुडबेकर कंपनी १९६३ मध्ये मेली नाही.

हळहळीच्या सुरात लिहिणारे ही गोष्ट अनेकदा एका वाक्यात उरकतात. मोटारींच्या तोट्याला कंटाळून कंपनीने इतर धंदे आधीच विकत घेतले होते. इंजिनात घालायचे 'एसटीपी' नावाचे रसायन, वीजजनित्रे, बागकामाची यंत्रे असे ते धंदे होते, आणि ते चालत होते. मोटारींचा कारखाना बंद झाला तो या उरलेल्या धंद्यांचा जीव वाचावा म्हणून. १९६७ मध्ये 'स्टुडबेकर-वर्दिंग्टन' या नावाने नवा संयोग झाला आणि भागधारकांचा प्रवास पुढे चालू राहिला. १९३३ मध्ये कंपनी खरोखर दिवाळखोरीत गेली होती, तेव्हा सर्वांचेच हात रिकामे होते. १९६३ मध्ये तसे नव्हते. कंपनीजवळ मालमत्ता होती. पण कामगाराचा हक्क त्या मालमत्तेवर नव्हता, केवळ एका अपुऱ्या निधीवर होता. नफ्यात वाटा भागधारकाचा आणि जोखमीत वाटा कामगाराचा, अशी ती विभागणी होती. करारातील त्या निजलेल्या अटीने एवढेच केले होते, पण ते पुरेसे होते. जॉन स्टुडबेकरच्या सूत्राचा उत्तरार्ध असा खरा झाला: दिवाळे टळले, कारण कबूल केले होते त्याहून कमी दिले गेले.

मराठीत पेन्शनला आपण निवृत्तिवेतन म्हणतो. हा शब्द कोणी किती विचारपूर्वक घडवला, हे बाजूला ठेवू. पण त्याने एक बाजू घेतलेली आहे. त्याच्या पोटात 'वेतन' आहे. म्हाताऱ्या नोकराला धन्याने खूश होऊन दिलेली बिदागी म्हणजे पेन्शन, ही कल्पना त्या शब्दाला मान्य नाही. ते वेतन आहे, आज केलेल्या कामाचे उद्या मिळणारे. हा अर्थ धरला तर साउथ बेंडमध्ये काय घडले ते वेगळ्या शब्दांत सांगावे लागते. तेथे कामगारांना मिळणारी एखादी सवलत बंद झाली नाही. त्यांचे मागील तेवीस वर्षांचे वेतन अंशतः थकले, आणि थकबाकी वसूल करण्याचा मार्गच करारात ठेवलेला नव्हता.

या घटनेचा पुढे कायदा झाला. वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने स्टुडबेकरचे उदाहरण देशापुढे ठेवले. बँकेतील ठेवींना विमा असतो, मग निवृत्तिवेतनाला का नसावा, हा तिचा प्रश्न होता. इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी १९६४ मध्ये अशा विम्याचे विधेयक मांडले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी अधिक व्यापक विधेयक आणले. १९७२ मध्ये एनबीसी वाहिनीच्या एका माहितीपटाने मोडलेल्या निवृत्तिवेतनांची गाऱ्हाणी घरोघरी पोचवली. अखेर २ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेतील कामगार दिनी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'एरिसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. कामगाराचा हक्क किती वर्षांत पक्का व्हावा, निधीत किमान किती भरणा असावा, हे त्याने ठरवले, आणि योजना बुडाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत निवृत्तिवेतन देणारी विमासंस्था उभी केली. सगळे श्रेय स्टुडबेकरला देणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. खासगी निवृत्तिवेतनांच्या चौकशीसाठी केनेडी यांनी १९६२ मध्येच समिती नेमली होती. तरीही सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्याला जेव्हा एक नाव लागे, तेव्हा ते नाव साउथ बेंडचे असे.

त्या कायद्याचा लाभ साउथ बेंडच्या चार हजारांना मिळाला नाही. तो मागील तारखेने लागू नव्हता. त्यांच्या नुकसानीवर इतरांची सुरक्षितता उभी राहिली.

आणि येथेही कथा सुखान्त होत नाही. शब्द पाळणे कायद्याने महाग केले, तसे कंपन्यांनी शब्द देणेच कमी केले. १९७८ च्या एका करविषयक कायद्यातील ४०१ (के) या कलमाच्या आधाराने कामगाराच्या नावे वेगळे खाते उघडायचे, त्यात ठरावीक रक्कम भरायची आणि पुढे बाजार देईल ते त्याचे, ही पद्धत रूढ झाली. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण कोणी कोणाला म्हातारपणाची रक्कम कबूलच करत नाही. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार थंड वाटतो. स्टुडबेकरच्या करारात जी जोखीम एका अटीत दडवून कामगाराच्या माथी मारली होती, तीच आता उघडपणे, त्याच्या सहीने, त्याच्या माथी येते. वचनभंग टाळण्याचे दोन मार्ग असतात. वचन पाळावे, किंवा देऊ नये. दुसरा मार्ग निवडणाऱ्यांना आम्ही प्रामाणिक म्हणू, पण त्यांनी प्रश्न सोडवला असे म्हणणार नाही. प्रश्न अजून तोच आहे: तीस वर्षे काम करून घेणाऱ्याचे तीस वर्षे काम करणाऱ्याशी, काम संपल्यावर, काही नाते उरते की नाही?

साउथ बेंडमध्ये आज स्टुडबेकरचे संग्रहालय आहे. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून त्या अखेरच्या रात्री नाटकाला गेले ती तेथे आहे. ती दुसऱ्याच कारखान्यात बनलेली, पण क्लेमंटने हौसेने विकत घेतलेली. अवंती आहे, लोवींच्या कार्यालयातल्या देखण्या गाड्या आहेत. या वस्तू जपल्या गेल्या याचा आम्हाला आनंद वाटतो. मात्र कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्यांना आमचे एक सांगणे आहे. गाड्यांच्या यादीशेजारी निधीच्या वाटपाचा तो तक्ता ठेवावा. पूर्ण, पंधरा सेंट, शून्य. त्या तीन ओळींत कंपनीच्या एकशे अकरा वर्षांचा हिशेब जितका स्वच्छ दिसतो तितका कोणत्याही चकचकीत बॉनेटात दिसत नाही.

पाइनची झाडे अजून वाढत आहेत आणि वरून पाहणाऱ्याला ते नाव अजून वाचता येते. खालून चालणाऱ्याला ते कधीच वाचता येत नव्हते. त्याला फक्त झाडे दिसत होती, आणि इतक्या वर्षांची झाडे पाहिली की माणूस त्यांच्या सावलीवर विश्वास ठेवतो.